आबांच्या खुंटीवरचं चाक

आबांनी मला नोकरी दिली ती मी त्यांच्याशी भांडले म्हणून. खरं तर मी फ्रिजखाली लावायला चार चाकं घ्यायला गेले होते. नांदेडहून सुरतेजवळच्या उधन्याला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं, नवरा डाइंग मिलमध्ये होता, आणि फ्रिजच्या मागे झाडू मारायचा म्हटलं की दोन शेजारणींना हाक मारावी लागायची. मागच्या गल्लीत चाकांचं दुकान होतं. कापडाच्या ताक्यांच्या ट्रॉल्या, सुताच्या बीमच्या, म्हणजे सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळांच्या ट्रॉल्या, दवाखान्यातल्या खाटा, जे जे म्हणून ढकलायचं असतं त्या सगळ्याची चाकं तिथे टांगलेली असायची. काउंटरमागे पांढरा पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला एक वाळका म्हातारा बसला होता.

“फ्रिजला चार चाकं द्या,” मी म्हणाले.

“जमीन कशी शे?”

“कशाची जमीन? फ्रिज खोलीत ठेवायचाय, शेतात न्हाई.”

“मग, खोलीले जमीन नही का?”

मी म्हटलं, फरशी आहे. कोणती फरशी? पांढरी. गुळगुळीत की खरबरीत? उतार कोणत्या बाजूला? मला राग आला. मी म्हणाले, “चाकं विकायची नसतील तर तसं सांगा की. सोयरीक जुळवायला आल्यासारखं काय विचारायलात?” त्यावर म्हातारा उठला, अर्धं शटर ओढलं आणि माझ्या मागोमाग माझ्या घरी आला.

घरात येऊन त्यांनी डोळे मिटले आणि अनवाणी, टाचा टेकवत टेकवत सगळ्या खोलीभर चालले. मी आणि शेजारीण दारात उभ्या राहून बघत होतो. मग खिशातून बेअरिंगचा एक लोखंडी छर्रा काढला आणि फ्रिजसमोर ठेवला. छर्रा क्षणभर थांबला, मग निघाला, खाटेखालून गेला आणि मोरीत जाऊन पडला.

“चाकं लावशी तं तुना फ्रिज बी तठेच जाई,” ते म्हणाले. छर्रा मोरीतून काढून धुऊन घेतला, चहा घेतला आणि चाकं न देताच गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन चांगली खरडपट्टी काढली. म्हटलं, असं दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला दुकान कशाला उघडलंय? आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “तू सगळास्ले असंच बोलस का?” मी म्हटलं, हो. “मग उद्यापासून ये. मले एकट्याले सगळ्यांशी भांडनं जमत नही.”

सासूबाईंना मी चाकांच्या दुकानात कामाला लागले हे बरीच वर्षं पटलं नाही. पण मी लागले, आणि आजही तिथेच आहे.

आबा मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेत आले ते लूमवर फिटर म्हणून. लूमवरची एक सवय त्यांना आयुष्यभर चिकटून राहिली. सुताच्या कारखान्यात जमिनीवर धागे पडलेले असतात, ते ट्रॉलीच्या चाकात गुंडाळले जातात आणि चाक जाम होतं. ते काढायला त्यांच्या खिशात एक बारीक आकडा असायचा. हा आकडा ते फक्त गिऱ्हाइकांच्या ट्रॉल्यांना लावायचे असं नाही. एकदा आम्ही दोघं स्टेशनवर मुंबईहून येणारं पार्सल उतरवून घ्यायला गेलो होतो. समोरून एक बाई चाकांची बॅग ओढत चालली होती. आबांनी कान टवकारले, तिच्या मागे धावले आणि चालत्या बॅगेशी उकिडवे बसून आकडा घातला. बाईने “चोर, चोर” म्हणून जो आरडाओरडा केला! पोलीस आला. आबांनी पोलिसाला हातभर लांब गुलाबी धागा दाखवला. पोलिसाने मला विचारलं, “हे तुमचे कोण?” मी म्हटलं, “दुकानात शेजारी बसतात.” तेवढ्यात बाईने बॅग ओढून बघितली. ती इतकी सुरेख चालली की बाईने आबांना नमस्कार केला, आणि पोलिसाने आपल्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली.

माणसं वर बघतात, आबा खाली बघायचे. सख्ख्या पुतण्याच्या वरातीत ते तास दीड तास डीजेच्या गाडीबरोबर चालले, आणि घरी येऊन विचारतात, नवरदेव घोड्यावर होता का गाडीत? गाडीचं मागचं उजवं चाक मात्र हलतंय हे त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं होतं. ओळखीच्या बायका बाळं घेऊन आल्या की आधी बाबागाडी उलटी करून बघायचे. बाळ कुणावर गेलंय हे नंतर.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. “चांगलं चाक कोनतं? ज्यानी आठवन येत नही ते.” म्हणजे चाक कुरकुरलं, अडलं, वाकडं गेलं की माणसाला चाकाची आठवण येते. ज्याची आठवणच येत नाही ते चाक उत्तम. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, चहावाल्याला सांगायचे, मला तर दिवसातून दोनदा.

आणि ती खुंटी. काउंटरच्या मागे, देवाच्या तसबिरीच्या वर, एक रिकामी खुंटी होती. दुकानात तिळाएवढी जागा मोकळी नव्हती, पण त्या खुंटीवर काही टांगायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी माझी पिशवी टांगली, तर आबांनी ती दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिली. ती खुंटी परत आलेल्या चाकाची होती. त्यांनी स्वतः निवडून दिलेलं एखादं चाक चुकलं आणि परत आलं, तर ते तिथे टांगायचं, सगळ्यांना दिसेल असं. वीसेक वर्षांत तिथे काही टांगावं लागलं नव्हतं. दसऱ्याला गल्ल्याला, तराजूला, शटरला हार घालतात तसा आबा त्या रिकाम्या खुंटीलाही झेंडूचा बारीकसा हार घालायचे. मी चेष्टा करायचे, “आबा, आता एखादं वाईट चाक द्याच कुणाला तरी. बिचारी खुंटी कंटाळली.” ते हसायचे नाहीत. त्या खुंटीच्या बाबतीत त्यांना विनोद कळत नव्हता.

मग एका भाद्रपदात विमानवाले काका आले.

हे गुजराती गृहस्थ. आयुष्यभर यंत्रं विकली, मुलं परदेशी गेली, मग निवृत्त झाल्यावर ह्यांनी ग्लायडर घेतलं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. बारडोलीच्या पुढे, उसाच्या शेतांपलीकडे त्यांच्यासारख्याच चार-सहा हौशी लोकांनी एक धावपट्टी करून घेतली होती, तिथून ते उडायचे. त्यांनी गाडीच्या डिकीतून एक लाल रंगाची वस्तू काढून काउंटरवर ठेवली. बैलाच्या मानेवर जू ठेवतात तशी फायबरची जाड कमान, आतून स्पंज लावलेला, खाली एक लहानसं कडक चाक.

“ये डॉली है आबा,” काका म्हणाले. “ग्लायडरनी पूंछडीमां लागे.” जमिनीवर ग्लायडर ढकलताना शेपूट या कमानीत अडकवायची, म्हणजे ती चाकावर चालते आणि हवी तिकडे वळते. “पण आ पैडुं, हे चाक, बहु खराब. मातीत रुततं, दोन माणसं लागतात, आणि आवाज असा करतं की उसातली डुकरं पळतात. दुसरं द्या.”

आबांनी चाक फिरवून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की जणू कुणी त्यांच्याकडे आजारी लेकरू आणलंय. विमानाचं चाक त्यांच्या दुकानात कधी आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “जमीन कशी शे?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “काका, गाडी काढा. आता हे आल्याशिवाय राहायचे न्हाईत.”

गाडीत आबा पुढे बसले, मी मागे. चलथाणच्या साखर कारखान्याशी पोचेपर्यंत त्यांनी काकांना सांगितलं की मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जातंय. कारखान्याबाहेर हंगामाची वाट बघत उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांची रांग उभी होती, तिथे त्यांनी गाडी थांबवायला लावली. मी हात जोडले तेव्हा पुढे निघाले.

धावपट्टीवर पावसाळ्याचं गवत होतं आणि खाली काळी माती, वरून सुकलेली, आतून लोण्यासारखी. आबांनी चप्पल काढली, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला, डोळे मिटले आणि टाचा टेकवत निघाले. पार दुसऱ्या टोकापर्यंत. काकांच्या मंडळींना वाटलं, नवं काहीतरी घेतलं म्हणून काकांनी भटजी आणलेत. परत येताना आबा लंगडत होते. पायात बाभळीचा काटा घुसला होता, चांगला अर्ध्या बोटाचा. तो त्यांनी धागे काढायच्या आकड्याने काढला आणि सगळ्यांना दाखवला.

“हवानं चाक नही चालाव,” ते म्हणाले. “पंक्चर.”

मग त्यांनी ग्लायडरची शेपूट दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. आम्ही दुकानात सुताचे बीम बघणारी माणसं, एकेक बीम म्हणजे चार माणसांचा घाम. आबांना वाटत होतं विमान म्हणजे त्याहूनही जड असेल. “एवढीशी?” ते म्हणाले. काका हसले आणि म्हणाले, हीच तर गोष्ट आहे. ग्लायडर इतकं हलकं आणि तोलाचं असतं की उडताना ही डॉली शेपटीला चुकून राहिली, तर तेवढ्याशा वजनाने शेपूट जड होते, नाक वर जातं आणि ते सरळ खाली पडतं. माणूस वाचत नाही. म्हणून डॉलीला असा लालभडक रंग दिलेला, लांबूनही दिसावा म्हणून. उडायच्या आधी ती काढायचीच.

आबांनी हे नीट ऐकून घेतलं. मीही ऐकलं.

पुढचे पंधरा दिवस दुकानात दुसरा विषय नाही. अरुंद चाक रुततं, म्हणून रुंद हवं. रुंद आणि कडक असलं तर वळताना माती ओरबाडतं, म्हणून रबर मऊ हवं. एक ठेवावं की जोडचाक? जोडचाकांच्या मध्ये चिखल अडकेल, म्हणून एकच, पण कडा गोलसर. बेअरिंग बंद तोंडाचं, म्हणजे आत गवत जाणार नाही. आबांनी वीट-मातीचा एक वाफा दुकानाच्या मागे तयार केला, रोज त्यात पाणी घालायचे आणि वेगवेगळी चाकं त्यावरून ढकलायचे. गिऱ्हाईक समोर उभं आणि मालक मागे चिखलात. मी सांगायचे, “आबा विमानात बिझी आहेत.” शेवटी त्यांनी एक चाक पक्कं केलं. काळं, रुंद, खरबुजासारखं गोलसर. काउंटरवर ठेवून त्यांनी ते बोटाने फिरवलं, तर ते चहा येईपर्यंत फिरत राहिलं, आवाज नाही की थरथर नाही. मला त्यांच्याबरोबर राहून आता चाकातलं थोडं कळायला लागलं होतं. ते त्यांच्या हातून गेलेलं सगळ्यात सुंदर चाक होतं, हे मी आजही सांगेन.

नवं चाक लावून पहिलं उड्डाण दसऱ्याला करायचं ठरलं. काकांनी आम्हाला दोघांना बोलावलं. मी पहाटे उठून झेंडूचे हार ओवले, मधे मधे आंब्याची पानं. एक ग्लायडरच्या नाकाला, एक डॉलीला. आपल्याकडे दसऱ्याला चाक असलेल्या वस्तूला हार घालायचा नाही म्हणजे काय? सायकलला घालतो, हातगाडीला घालतो, इथे तर खुद्द आबांचं चाक.

धावपट्टीवर फाफडा-जलेबीचे पुडे उघडले होते. आबांनी नारळ फोडला. मी डॉलीला कुंकू लावलं आणि हार चांगला पाच वेढे देऊन घातला, कमानीभर, वरपासून खालपर्यंत. लाल रंग कुठे दिसू दिला नाही. छान दिसत होतं. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. आधी दोन माणसं लागायची, आता काकांचा एक मित्र एका हातात जलेबी धरून दुसऱ्या हाताने शेपूट ढकलत ग्लायडर ओळीत घेऊन गेला. चाकाचा आवाज नाही. “माखण!” तो म्हणाला. आबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यापूर्वी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. बाप मुलीला सासरी जाताना बघतो तसं काहीतरी.

पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला एक यंत्र होतं. मोठ्या फिरकीवर मांजा गुंडाळावा तशी ते लांबच लांब तार ओढून घेतं आणि तारेला जोडलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. काका आत बसले, वरचं काचेचं झाकण लावलं. नाकावरचा हार कुणीतरी काढून घेतला. एकाने पंखाचं टोक धरलं, एकाने झेंडा वर केला. तार हळूहळू ताणली जायला लागली. सगळ्यांच्या माना वर, आकाश किती स्वच्छ आहे हे बघत. मीही वर बघत होते.

आबा खाली बघत होते.

त्यांच्या हातातली जलेबीची ताटली उडाली ती मला दिसली, मग आबा धावताना दिसले. अनवाणी, सत्तरीच्या घरातला माणूस, हात वर करून ओरडत, “थांबा! मनं चाक शे मांगे! मनं चाक!” झेंडेवाला गुजराती. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं चाक परत हवंय. “दादा, पछी आपी दईशुं!” तो म्हणाला, नंतर देतो म्हणून. तार ताठ झाली, ग्लायडर दोन हात पुढे सरकलं. आबांनी शेपटीला मिठी मारली आणि तिच्यासकट चिखलात बसले. तेव्हा झेंडेवाल्याने झेंडा खाली टाकला, काकांनी तार सोडली आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

काका झाकण उघडून बाहेर आले, मागे चालत गेले, आणि आबांच्या हाताखाली, माझ्या हाराखाली, त्यांना ती डॉली दिसली. ते तिथेच गवतावर बसले. आबांचा पायजमा कमरेपर्यंत काळा झाला होता आणि डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या होत्या. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी हसून हसून मेले असते.

तो हार मी घातला होता. माणूस मरू नये म्हणून दिलेला लाल रंग मी पाच वेढ्यांखाली झाकला होता, कारण छान दिसत होतं. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं, आणि हे मी उगाच शब्दांसाठी म्हणत नाही.

आबांनी खिशातून पाना काढला आणि तिथेच चाक सोडवलं. परत येताना गाडीत ते मांडीवर घेऊन बसले. चलथाणच्या ट्रॉल्यांकडेही बघितलं नाही. दुकानात आल्यावर त्यांनी स्टूल घेतलं, रिकाम्या खुंटीवरचा बारीक हार काढून देवाच्या तसबिरीला घातला, आणि खुंटीवर ते चाक टांगलं.

“आबा,” मी म्हणाले, “त्या चाकाचं काय चुकलं? हार मी घातला.”

“कोनता हार?”

“आबा...”

“हार तं दसऱ्याले घालतसच, माय,” ते म्हणाले. “चाक चुकनं. इतलं गुपचूप चाक त्या जागी द्यायचं नव्हतं. ते मन्ही चूक.” आणि त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘परत. कारण : आवाज नाही.’ ती चिठ्ठी सुतळीने चाकाला बांधली.

चार दिवसांनी त्यांनी काकांना दुसरं चाक दिलं. तेही रुंद, तेही मऊ, पण त्याच्या बाजूला एक लोखंडी पट्टी अशी बसवली होती की चाक फिरलं की टकटकटकटक वाजायचं. ते वापरून बघून काका कानांवर हात ठेवून आले. आबा म्हणाले, वाजू द्या. ग्लायडर सरकलं आणि वाजलं, म्हणजे डॉली मागेच आहे. नाही वाजलं तर उडा.

त्यानंतर दुकानात येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, “आबा, खुंटीवर काय हे?” माल पुरवणारे चेष्टा करायचे, “लागली का वाट एकदाची!” आणि आबा प्रत्येकाला सगळी गोष्ट सांगायचे, चाक कसं निवडलं, कसं चुकलं, चिखलात कसे बसले. गोष्टीत सगळं असायचं, फक्त हार नसायचा. मी शेजारी बसून मान खाली घालून मालाच्या चिठ्ठ्या लिहीत राहायचे. इतरांशी भांडण्यात माझी हयात गेली, पण “आबा, खरं सांगा की” एवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. मला भीती वाटत होती आणि मला बरंही वाटत होतं. दोन्हीची लाज वाटते.

आबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या मुलांना चाकांत गोडी नव्हती, म्हणून आबांनी हयात असतानाच दुकान माझ्या हवाली केलं. गेल्या महिन्यात काका आले, आता काठी घेऊन. टकटक वाजणारं चाक झिजलं होतं. काउंटरशी बसून त्यांनी खुंटीकडे बोट केलं.

“बेन, ते द्या ना. आवाजाची पट्टी त्यालाच लावा. आबा देत नव्हते.”

मग मी सांगितलं. म्हटलं, “काका, त्या चाकात काही खोट न्हाई. कधीच नव्हती. त्या दिवशी हार मी घातला होता. तुमचा जीव माझ्यामुळे गेला असता.”

काकांनी फोन काढला, चष्मा वर केला, बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि फोन माझ्यासमोर धरला. फोटोत मी होते, हातात झेंडूचा हार, दात काढून हसत, डॉलीला वेढे देताना. मागे आबा खाली वाकून चाकाकडे बघत होते.

“त्याच दिवशी मला माहीत होतं,” काका म्हणाले. “हा फोटो आबांना दाखवला, तर म्हणाले, हा बेनला दाखवलात तर पुन्हा माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाही. मी इतकी वर्षं दाखवला नाही.”

मी पदर डोळ्यांना लावला. काकांनी काठीकडे बघितलं आणि थोडा वेळ दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहिले, पाऊस, ऊस, गुडघे. मग मी स्टूल घेतलं आणि चाक खाली काढलं. धूळ पुसून बोटाने फिरवलं, तर ते अजून तसंच फिरत होतं. चिठ्ठी सोडवून मी गल्ल्यात ठेवली.

“आजच नेतो मग?” काकांनी विचारलं.

“थांबा की,” मी म्हणाले. “आधी जमीन बघू द्या. इतक्या वर्षांत काय काय बदललं असेल.”

काका हसले आणि गाडीची किल्ली काढली.

धावपट्टीवर मी चप्पल काढली, साडी थोडी वर खोचली आणि डोळे मिटून टाचा टेकवत निघाले. मंडळी बदलली होती, नवी पोरं लांबून बघत होती. माती तीच होती, वरून सुकलेली, आतून लोण्यासारखी. अर्ध्या वाटेवर पायात काटा घुसला आणि मी मटकन खाली बसले. काका काठी टेकत टेकत आले.

“कांटो वाग्यो? बहु दुखे छे, बेन?”

“हो,” मी म्हणाले, आणि काटा तसाच पायात ठेवून तिथे बसून रडले. मग आबांचा आकडा काढला, तो आता माझ्याच पिशवीत असतो, काटा काढला आणि काकांना दाखवला.

“हवेचं चाक चालायचं न्हाई,” मी म्हणाले. “आबांचंच लावा.”